व्यायाम व हस्तोपचार

व्यायाम व हस्तोपचार : शरीराच्या हेतुपूर्वक केलेल्या हालचालींनी बल, लवचिकपणा व दमसास वाढविणे म्हणजे व्यायाम होय. सांधे, स्नायू व पृष्ठवंश यांवर हाताने दाब, ताण, चोळणी किंवा नेमका झटका देऊन वेदना व ताठरपणा कमी करण्याच्या क्रियांना हस्तोपचार म्हणतात. अंगमर्दन, निखळलेला सांधा बसविणे, लचक काढणे, भौतिकोपचारातील संधिचालन तसेच अमेरिकेत उगम पावलेली काइरोप्रॅक्टिक ही मणक्यांवरील उपचारपद्धती यांचा हस्तोपचारांत समावेश होतो. आज व्यायाम हा व्यायामशाळेचा आणि हस्तोपचार हा चिकित्सालयाचा विषय समजला जातो. महाराष्ट्रात मात्र गेल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ही दोन्ही कामे बहुधा एकाच माणसाकडे असत. हा माणूस म्हणजे तालमीतील वस्ताद. ही जोडी कशी जमली, कशी फुटली आणि फुटल्यानंतर रुग्णाच्या वाट्याला काय आले, याचा वृत्तांत प्रस्तुत नोंदीत मुख्यतः बडोदे व वऱ्हाड येथील परंपरांच्या आधारे दिला आहे.

प्राचीन उल्लेख : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अस्थिभंगाचे दोन वर्ग केलेले आहेत : सांधा सुटणे (संधिमुक्त) व हाड मोडणे (कांडभग्न). पहिल्याचे सहा व दुसऱ्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. चिकित्सास्थानातील तिसऱ्या अध्यायात यांवरील उपचार असून तेथे ओढणे, दाबणे, जुळविणे व बांधणे हा क्रम दिसतो. कांबींसाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड इ. झाडांच्या साली व बांबू यांचा उपयोग करावा. बंध थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी व उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावा, असे त्यात म्हटले आहे. बंध सैल झाल्यास सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट झाल्यास सूज, वेदना व पाक होतो, हा इशाराही तेथे आहे. पुढील काळात खेड्यापाड्यांतील अनेक हातपाय या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे गमवावे लागले, म्हणून तो विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

याच अध्यायात व्यायामासंबंधी दोन सूचना येतात. हाड जुळेपर्यंत रुग्णाने व्यायाम वर्ज्य करावा, ही पहिली. हाड जुळण्यास तरुणपणी एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उतारवयात तिप्पट काळ लागतो, असा हिशेबही दिला आहे. दुसरी सूचना तळहाताच्या दुखापतीबाबत आहे. हात बरा होऊ लागला की रुग्णाने प्रथम शेणाचा गोळा धरावा, नंतर मातीचा आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा. आधुनिक पुनर्वसनशास्त्रात ज्याला क्रमशः वाढता भार म्हणतात, त्याचे इतके सुटसुटीत वर्णन अन्यत्र क्वचितच आढळेल. शेण, माती व दगड ही साधने तर कोणत्याही शेतकऱ्याच्या अंगणात मिळणारी आहेत. आधी हाताने जागेवर आणावे, मग स्थिर ठेवावे आणि अखेरीस रुग्णाच्याच श्रमाने बळ परत मिळवावे, ही तीन पावले येथे स्पष्ट आहेत.

निरोगी माणसाच्या व्यायामालाही सुश्रुताने मर्यादा घातली आहे. आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा व त्यानंतर सर्व अंग सुखकर रीतीने चोळावे, असे तो सांगतो. ही अर्धशक्तीची मर्यादा पुढे वाग्भटानेही स्वीकारली.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथातील मल्लविनोद प्रकरणात मल्लांच्या दिनक्रमाचे वर्णन आहे. भार उचलणे, चालणे, पाण्यात पोहणे, बाहूंची झटापट व खांबावरील कसरत असे श्रमाचे प्रकार आणि त्यांनंतर होणारे मर्दन यांचा त्यात उल्लेख येतो. खांबावरील कसरतीत पुढच्या काळातील मल्लखांबाचे बीज पाहिले जाते. गुजरात व म्हैसूर या प्रदेशांतील जेठी किंवा जेट्टी ही व्यावसायिक मल्लांची जात. म्हैसूर संस्थानातील जेट्टी मल्ल निखळलेले सांधे बसविण्यातही कुशल मानले जात. मल्ल आणि हाडवैद्य एकाच घरात असणे हा योगायोग नव्हता.

तालमीतील वैद्यक : उत्तर पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबविद्येचे पुनरुज्जीवन केले आणि त्यांच्या शिष्यशाखा काशी, बडोदे इ. ठिकाणी पसरल्या. या तालमींत जोर, बैठका, मुद्गल, करेला, मल्लखांब व कुस्ती यांचा सराव पहाटे व सायंकाळी चाले. हौदातील लाल मातीत तेल, ताक व हळद मिसळून ती मऊ राखली जाई. तरीही खांदा निखळणे, घोटा मुरगळणे, बोट उतरणे, मान लचकणे व कमरेत उसण भरणे या गोष्टी रोजच्या होत्या. जवळ शल्यवैद्य नसे. असला तरी त्याच्याकडे जाण्याची पद्धत नव्हती. अशा वेळी वस्तादच पुढे होई.

त्याच्या कौशल्याचा उगम समजण्यास अवघड नाही. कुस्तीचा डाव म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा सांधा त्याच्या स्वाभाविक मर्यादेपर्यंत नेण्याची कला होय. सांधा कोणत्या दिशेने किती वळतो, कोठे अडतो व कोणत्या कोनात निसटतो, हे ज्याने हजारो वेळा अनुभविले आहे, त्याच्या हाताला तो परत बसविण्याची दिशाही कळते. शिवाय रोज सकाळी पठ्ठ्यांचे अंग चोळताना निरोगी स्नायूचा स्पर्श त्याच्या बोटांत मुरलेला असे. निरोगी शरीराची इतकी प्रत्यक्ष ओळख त्या काळच्या रुग्णालयातील विद्यार्थ्यासही नसावी, असे म्हणता येईल. मात्र ही ओळख वरवरच्या अवयवांपुरती होती. त्वचेखाली हाडास तडा गेला आहे काय, गाठ कशाची आहे, हाडात क्षयाचा शिरकाव झाला आहे काय, हे बोटांना कळण्याचा मार्ग नव्हता.

तालमीतील उपचाराचे आणखी एक वैशिष्ट्य होते. वस्ताद पठ्ठ्याला बरा करी तो पुन्हा हौदात उतरविण्यासाठी. सांधा बसविल्यावर काही दिवस हळद-तुरटीसारखे लेप, मग हलके मर्दन, मग निम्म्या बैठका, मग पूर्ण सराव असा क्रम तो स्वतःच्या नजरेखाली पार पाडी. उपचार फसला, तर ते दुसऱ्या दिवशी त्याच्याच डोळ्यांसमोर येई. उपचार करणारा व त्याचा परिणाम पाहणारा एकच असल्यामुळे त्याच्या अनुभवात सुधारणा होण्यास वाव राही. बाजारच्या दिवशी येऊन हाड बसवून जाणाऱ्या फिरत्या हाडवैद्याला ही सोय नव्हती.

बडोद्याची परंपरा : या जुन्या पद्धतीला आधुनिक शिस्त लावण्याचे मोठे कार्य बडोदे संस्थानात झाले. सयाजीराव गायकवाड यांच्या कारकीर्दीत जुम्मादादा या नामांकित वस्तादांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपास आणले. सांघिक कवायतीसाठी इंग्रजीऐवजी देशी आज्ञाशब्द रूढ करणारे व्यायामाचार्य म्हणून माणिकरावांचे नाव घेतले जाते. ते अस्थिसंधानातही निष्णात होते. तालमीबाहेरील रुग्णही त्यांच्याकडे येत. बडोद्याहूनच द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोश दहा खंडांत संपादित करून भारतीय व परदेशी व्यायामप्रकारांची माहिती मराठीत प्रथमच एकत्र आणली. आपल्या भाषेतील विषयवार कोशवाङ्‌मयात या कोशाला मानाचे स्थान आहे. त्याची आज व्हावी तेवढी आठवण होत नाही.

माणिकरावांच्या शिष्यांपैकी जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६) हे पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्धीस आले. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी बडोद्यास भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापिली आणि योगमीमांसा हे नियतकालिक सुरू केले. आसनांचे व प्राणायामाचे शरीरावर होणारे परिणाम क्ष-किरण, दाबमापक इ. साधनांनी मोजण्याचा उपक्रम त्यांनी केला. तालमीतील अनुभव मोजपट्टीवर घालून पाहण्याची ही दृष्टी त्या काळात नवी होती. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी केलेला सूर्यनमस्कारांचा प्रसारही याच काळातील आहे. नमस्कारात पृष्ठवंश आलटूनपालटून पुढे व मागे वाकतो, हे या व्यायामाचे मर्म होय.

वऱ्हाडातील चळवळ : अमरावती येथे १९१४ मध्ये वैद्य बंधूंच्या पुढाकाराने हनुमान आखाड्याची स्थापना झाली. अंबादासपंत व अनंतराव वैद्य यांनी वाढविलेली ही संस्था पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर ओळखली जाऊ लागली. त्या वेळी वऱ्हाड हा मध्यप्रांताशी प्रशासकीय दृष्ट्या जोडलेला होता आणि १९०५ मध्ये वाशिम (बासिम) जिल्हा मोडून त्याचा मोठा भाग अकोला जिल्ह्यात विलीन करण्यात आला होता. (आजचा वाशिम जिल्हा अकोल्यापासून १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला.) मंडळाने १९२४ पासून उन्हाळी सुटीत शारीरिक शिक्षणाचे वर्ग सुरू केले. या वर्गांची कल्पना साधी पण दूरवर परिणाम करणारी होती. वर्गात आलेला शिक्षक आपल्या गावी परतून शाळेत व्यायाम शिकवी. गावोगाव वस्ताद निर्माण करण्याचा तो सोपा मार्ग होता. मंडळाला राष्ट्रीय चळवळीतील कार्यकर्त्यांचाही निकटचा सहवास लाभला. १९६७ मध्ये मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू केले.

१९३६ मध्ये बर्लिन येथील ऑलिंपिक क्रीडासामन्यांच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डी, मल्लखांब इ. भारतीय खेळांची व कसरतींची प्रात्यक्षिके केली. १९४९ मध्ये मंडळाचे पथक स्टॉकहोम येथील लिंगियाड या आंतरराष्ट्रीय व्यायाम-मेळाव्यास गेले. बर्लिनची कथा नेहमी सांगितली जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र स्टॉकहोमचे महत्त्व अधिक आहे, कारण तो मेळावा ज्याच्या नावे भरत असे, त्या पेअर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) यानेच युरोपात व्यायाम आणि हस्तोपचार यांची सांगड घातली होती.

पश्चिमेकडील वाटा : लिंग हा तलवारबाजीचा शिक्षक होता. १८१३ मध्ये त्याने स्टॉकहोम येथे राजाश्रयाने व्यायामसंस्था काढली. त्याच्या पद्धतीत शालेय, लष्करी व वैद्यकीय असे व्यायामाचे निरनिराळे भाग असून वैद्यकीय व्यायामात रुग्णाने स्वतः करावयाच्या हालचाली, उपचारकाने करवावयाच्या हालचाली व मर्दन यांचा समावेश होता. आजच्या भौतिकोपचाराची एक मुख्य मुळी येथे सापडते. शस्त्रविद्येचा शिक्षक उपचारक बनावा, हा प्रकार मराठी वाचकास अपरिचित वाटणार नाही.

इंग्लंडमध्ये हाडे बसविणाऱ्यांचा वर्ग वैद्यांच्या तिरस्काराचा विषय होता. तथापि प्रख्यात शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट याने १८६७ मध्ये याच वर्गाकडून बरे होणाऱ्या रुग्णांविषयी व्याख्यान दिले. ते लोक पुष्कळदा अपाय करतात; परंतु दीर्घ विश्रांतीमुळे आखडलेले सांधे ते हलवितात व त्यामुळे काही रुग्ण खरोखर बरे होतात, तेव्हा त्यांच्यापासून शिकण्यासारखे असेल ते शिकावे, असे त्याचे मत होते. आपल्याकडील वैद्यकाने तालमीतील वस्तादाविषयी इतक्या मोकळेपणाने क्वचितच विचार केला.

काइरोप्रॅक्टिक ही संज्ञा ग्रीक भाषेतील हात व कृती या अर्थांच्या शब्दांपासून बनली आहे. तिचा प्रवर्तक डॅनियल डेव्हिड पामर (१८४५–१९१३) हा मूळचा कॅनडातील होता. काही काळ किराणा मालाचा व्यापार व पुढे चुंबकीय उपचार करणाऱ्या पामरने सप्टेंबर १८९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॅव्हेनपोर्ट येथे हार्वी लिलर्ड या बहिऱ्या इसमाच्या पाठीतील मणका दाबला आणि त्याची श्रवणशक्ती परत आली, असा दावा केला. श्रवणाची तंत्रिका कवटीच्या आतच असते, ती पाठीच्या मणक्यांतून जात नाही. त्यामुळे या दाव्याचा शारीरशास्त्राशी मेळ बसत नाही. पामर तेवढ्यावर थांबला नाही. शेकडा पंचाण्णव रोग मणके सरकल्याने होतात, असा सिद्धांत त्याने मांडला. विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल १९०६ मध्ये त्यास कारावास घडला. पुढे अमेरिकेच्या एकेका राज्याने या व्यवसायास परवाना दिला. १९१३ मध्ये कॅन्ससने आणि सर्वांत शेवटी १९७४ मध्ये लुइझिॲनाने तसा कायदा केला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या व्यवसायावर घातलेला बहिष्कार बेकायदा असल्याचा निर्णय तेथील संघीय न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. या निर्णयाने व्यापारातील अन्याय दूर झाला. पामरचा सिद्धांत मात्र त्यामुळे सिद्ध झाला असे नव्हे.

पामरच्या प्रयोगानंतर दोन महिन्यांच्या आत, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीत व्हिल्हेल्म राँटगेन यास क्ष-किरणांचा शोध लागला. जे बोटांना कळत नव्हते, ते आता काचेवर दिसू लागले. यानंतर क्ष-किरणचित्राशिवाय मोडलेल्या हाडास हात लावणे हे अज्ञान उरले नाही, हलगर्जीपणा ठरला.

जपानने निराळी वाट धरली. तेथेही कुस्तीसदृश जूडो विद्येचे शिक्षक मोडलेली हाडे व निखळलेले सांधे बसवीत. १९२० मध्ये शासनाने त्यांच्या या विद्येस मान्यता देऊन परवान्याची पद्धत सुरू केली. त्यामुळे परंपरा टिकली, शिक्षणाखाली आली आणि तिच्या मर्यादाही ठरल्या. महाराष्ट्रात असे घडले नाही.

जोडीची फाटाफूट : मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांच्या प्रयत्नांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू झाले. याच रुग्णालयात त्याच दशकाच्या आरंभी, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर व जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, भौतिकोपचाराचे विद्यालय निघाले. १९५५ मध्ये मुंबईतच हाजीअलीनजीक भौतिक वैद्यक व पुनर्वसन यांसाठी अखिल भारतीय संस्था सुरू झाली. पोलिओने लुळे झालेले स्नायू पुन्हा कामास लावणे हे या संस्थांपुढील पहिले मोठे काम होते. त्यांचे ज्ञान पश्चिमेतून, अंशतः लिंगच्याच परंपरेतून आले. शेजारच्या तालमीतील मर्दनाशी त्याचा संबंध जोडण्याची गरज कोणास भासली नाही. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाने नोंदणीशिवाय वैद्यकी करण्यास मनाई केली. मागाहून २०२१ च्या केंद्रीय कायद्याने भौतिकोपचारासह सहायक आरोग्य व्यवसायांचे राष्ट्रीय नियमन करण्याची तरतूद झाली. काइरोप्रॅक्टिकसाठी मात्र भारतात स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. मोठ्या शहरांतून या नावाने चालणाऱ्या उपचारकेंद्रांतील व्यक्तीचे शिक्षण कोठे व किती झाले आहे, याची चौकशी रुग्णालाच करावी लागते.

हाडवैद्य कायद्याबाहेर राहिला, पण नाहीसा झाला नाही. हाड मोडलेल्या ठिकाणी बांबूच्या कांबी करकचून बांधल्याने रक्तप्रवाह थांबून अवयव सडणे, तसेच स्नायू कायमचे आखडून हात पंजासारखा वाकडा होणे (या विकृतीस जर्मन शल्यवैद्य फोल्कमान याचे नाव आहे) असे अपघात खेड्यांतील रुग्णांत आढळत आले आहेत. लहान मुलांच्या कोपराजवळील अस्थिभंगात हा धोका विशेष असतो. सुश्रुताने घट्ट बंधाविषयी दिलेली ताकीद त्याच्या नावाने चालणाऱ्या परंपरेतच विसरली जावी, ही दुर्दैवाची गोष्ट आहे.

खेड्यातील स्थिती व आजचे ज्ञान : वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड किंवा त्यासारखे एखादे गाव घेतल्यास हा प्रश्न कोणत्या स्वरूपात उभा राहतो, हे दिसते. या भागात सोयाबीन, तूर, हरभरा ही मुख्य पिके आहेत. निंदणाच्या वेळी स्त्रिया दिवसभर वाकून किंवा उकिडव्या बसून काम करतात. सोंगणीच्या दिवसांत कंबर सरळ करण्यास उसंत नसते. फवारणीचा भरलेला पंप पाठीवर घेऊन चिखलातून चालावे लागते. श्रम पुष्कळ घडतात, म्हणून व्यायामाची गरज नाही, असा समज ग्रामीण भागात सर्रास आढळतो. तो पूर्णपणे बरोबर नाही. व्यायामात श्रम सर्व अंगांत वाटला जातो, त्याचे मान हळूहळू वाढते आणि मध्ये विसावा असतो. शेतकामात तोच स्नायू त्याच दिशेने तासन्‌तास ताणला जातो. पुढे वाकण्याचे हजारो आवर्त दिवसभरात झाले, तरी मागे वाकण्याचे दहाही होत नाहीत. सूर्यनमस्कारातील मागे वाकण्याच्या स्थिती, भुजंगासन व शलभासन यांचा येथे उपयोग होतो तो यामुळेच.

कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मतः पाय आधी बाहेर आलेल्या व्यक्तीचा, पाय पाठीला लावून घेण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र परिचयाची आहे. पायाळू असण्यात काही सामर्थ्य नाही, हे उघड आहे. परंतु या रीतीमुळे आराम पडला असे सांगणारे जे असंख्य लोक भेटतात, ते सर्व खोटे बोलतात असेही नाही. कमरेची साधी उसण बहुतांशी काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप ओसरते; त्या अवधीत जो उपचार झाला, त्यास श्रेय मिळते. हीच सवलत हाडवैद्य, भौतिकोपचारक व काइरोप्रॅक्टिक उपचारक या तिघांनाही मिळत असते.

मणक्यास झटका दिल्यावर जो ‘कट्’ असा आवाज येतो, तो हाड जागेवर बसल्याचा पुरावा समजला जातो. वस्तुतः हा आवाज सांध्यातील वंगणद्रवात एकाएकी दाब कमी होऊन वायूची पोकळी निर्माण झाल्यामुळे येतो. २०१५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी बोटाच्या सांध्याची चुंबकीय अनुस्पंदन चित्रे घेऊन ही पोकळी प्रत्यक्ष दाखविली. एकदा आवाज निघाल्यावर काही मिनिटे तोच सांधा पुन्हा वाजत नाही, त्याचेही कारण हेच. तथापि झटक्याने सांध्याभोवतीच्या स्नायूंचा ताण व वेदनेची जाणीव काही काळ कमी होते, असे दिसते. दीर्घकालीन कंबरदुखीत मणक्यांवरील हस्तोपचाराने मिळणारा लाभ व्यायामादी अन्य मान्य उपचारांइतकाच असतो, हा निरनिराळ्या चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणाचा निष्कर्ष आहे. दमा, रक्तदाब, बहिरेपणा यांसारख्या विकारांवर त्याचा उपयोग होतो, यास विश्वसनीय आधार नाही.

विश्रांतीविषयीचे मतही पालटले आहे. पूर्वी कंबरदुखीच्या रुग्णास दोन-तीन आठवडे फळीवर निजविण्याची पद्धत होती. १९८६ मधील एका अमेरिकन चाचणीत सात दिवसांच्या विश्रांतीपेक्षा दोन दिवसांची विश्रांती कमी गुणकारी ठरली नाही. १९९५ मध्ये हेलसिंकी येथील चाचणीत अंथरुणास खिळून राहणाऱ्यांपेक्षा झेपेल तेवढी नेहमीची कामे करीत राहणारे रुग्ण लवकर सुधारले. याच चाचणीत दुखणे तीव्र असतानाच मुद्दाम सुरू केलेला व्यायामही नेहमीच्या हालचालींइतका हितकर ठरला नाही, ही गोष्ट व्यायामाच्या अतिउत्साही पुरस्कर्त्यांनी ध्यानात घ्यावी. व्यायामाचे महत्त्व आहे ते वेदना ओसरल्यानंतर आणि पुन्हा उसण भरू नये यासाठी. मणक्यांमधील चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचे पोषण भोवतालच्या ऊतकांतून झिरपणाऱ्या द्रवावर अवलंबून असते आणि सततच्या एकाच स्थितीपेक्षा आलटूनपालटून येणारा दाब त्यास पोषक ठरतो.

जगात २०२० साली सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत रुग्णशिक्षण, व्यायामाचा कार्यक्रम, मणक्यांवरील हस्तोपचार व मर्दन यांचा समावेश असून कमरपट्टा व ओढ (ट्रॅक्शन) देण्याची नित्य पद्धत यांची शिफारस केलेली नाही. कोणताही एक उपचार सुटा न वापरता त्यांची जुळणी करावी, असा त्यांचा रोख आहे. सर्वसाधारण आरोग्यासाठी प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम व किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम करावा, असे संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे. वस्ताद जोर-बैठका आणि मर्दन यांची जी जोडी राखीत असे, तिचेच सूत्र या शिफारशींत वेगळ्या भाषेत आलेले दिसते. फरक इतकाच की, वस्तादाची परीक्षा एका हौदापुरती होती व ही हजारो रुग्णांवर झालेली आहे.

मानेवर दिलेल्या जोराच्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीच्या आतील अस्तरास चीर पडून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्या विरळ असल्या, तरी केशकर्तनालयात चंपीच्या शेवटी मान कडकन वळवून घेण्याची आपल्याकडील सवय यामुळे घातक ठरू शकते. सुश्रुताने मानेचा सांधा हलल्यास हळुवार उचलून, कांबी बांधून रुग्णास सात रात्री उताणे निजविण्यास सांगितले आहे. तेथे झटक्याचा उल्लेख नाही.

पडल्यामुळे किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, रात्री विश्रांतीतही न थांबणारी वेदना, ताप वा वजन घटणे, पायातील बळ कमी होणे, जांघेभोवती बधिरता येणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे यांपैकी काहीही आढळल्यास मर्दन, झटका व व्यायाम हे तिन्ही वर्ज्य असून रुग्णास विनाविलंब क्ष-किरणचित्राची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते. भारतात पृष्ठवंशाचा क्षय अद्याप आढळतो व त्याचा आरंभ साध्या पाठदुखीसारखाच असतो. केनवडसारख्या गावाहून अशी सोय असलेले रुग्णालय म्हणजे तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे ठिकाण. तेथे जाण्यात कामाची रोजी बुडते आणि हाडवैद्य मात्र जवळच असतो. रुग्ण प्रथम कोणाकडे जातो, हे बहुधा श्रद्धेपेक्षा या अंतरावर ठरते.